लहरींना वाट, लोखंडाला अडसर

रडारच्या अँटेनापुढे बसवायच्या चिलखती पॅनलकडून दोन कामं मागितली जातात आणि ती दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत. फुटलेल्या बॉम्बचा किंवा क्षेपणास्त्राचा वेगाने येणारा लोखंडी तुकडा त्याने अडवायचा. रडारची लहर मात्र त्याच्यातून अशी जाऊ द्यायची, की वाटेत काही आडवं आलं होतं याचा तिला पत्ताही लागू नये. पोलादी पत्रा पहिलं काम चोख करील, पण लहरींच्या दृष्टीने तो आरसा आहे. पोलादच कशाला, पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा कागदही रडारची लहर आल्या वाटेने परत पाठवतो. कार्बन फायबर हलकं आणि मजबूत असतं, पण त्यातून वीज वाहते, म्हणून तेही बाद. मग उरतात काचेचे धागे, केव्हलारसारखी अ‍ॅरामिडं आणि अतिदीर्घ साखळ्यांचं पॉलिथिलीन. हे धागे थरावर थर रचून, उष्णता आणि दाब देऊन साच्यात बसवायचे आणि त्यातून एक घट्ट फळी काढायची. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

विषय एवढाच असूनही त्यावर मराठीत लिहावंसं का वाटलं, ते आधी सांगतो. रेडोमवर, म्हणजे अँटेनावरच्या आच्छादनावर, इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत. चिलखतावर वेगळे ग्रंथ आहेत. पहिल्या ग्रंथांत तुकड्याचं नाव नसतं आणि दुसऱ्यांत लहरीचं. प्रेससमोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव तर दोन्हींकडे क्वचितच दिसतं. माझी नोकरी गेली ती त्या माणसांमध्ये. पुण्याच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींत आयटीआय करून आलेली मुलं, वर्षानुवर्षं लेअपच्या टेबलावर उभ्या राहून थर लावणाऱ्या बायका, प्रेसचा आवाज ऐकून तेलाचा दाब उतरलाय हे सांगणारे ऑपरेटर यांच्याबरोबर मी काम केलं. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं : ‘जाडी अमुक, कमी-जास्त तमुक.’ ते तसंच का, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितलं तर काम किती बदलतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हे पुस्तक.

या विषयाचं गांभीर्य एका घटनेवरून चटकन ध्यानात येतं. 16 एप्रिल 1972 रोजी व्हिएतनाम युद्धात टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौदलाचं ‘वॉर्डन’ हे जहाज गस्तीवर होतं. उत्तर व्हिएतनामची रडारं उडवण्यासाठी अमेरिकी विमानांनी सोडलेली दोन श्राइक क्षेपणास्त्रं चुकून याच जहाजाकडे वळली. श्राइक हे रडारच्या लहरींचा माग काढत जाणारं क्षेपणास्त्र. लहर कोणत्या देशाची आहे हे त्याला कळत नाही. ती जहाजावर आदळली नाहीत, जहाजाच्या वरच फुटली. तुकड्यांचा पाऊस पडला. एक खलाशी ठार झाला, अनेक जखमी झाले. अँटेनांपासून खाली जाणाऱ्या केबली आणि वेव्हगाइड, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या, तुकड्यांनी कापून काढल्या. जहाज तरंगत राहिलं, पण त्याची लढण्याची बरीचशी ताकद काही क्षणांत गेली आणि दुरुस्तीसाठी त्याला फिलिपिन्समधल्या सुबिक बेला जावं लागलं. मोठा बॉम्ब नाही, टॉर्पेडो नाही. छोट्या छोट्या तुकड्यांनी अवाढव्य युद्धनौका आंधळी झाली.

त्यानंतरच्या सगळ्या चिलखतांचं श्रेय या एका घटनेला देणं बरोबर होणार नाही. पण सत्तरच्या दशकात अमेरिकेत आखलेल्या ‘ऑलिव्हर हॅझार्ड पेरी’ वर्गाच्या फ्रिगेटांकडे पाहिलं तर विचार कुठे चालला होता हे कळतं. दारूगोळ्याच्या कोठारावर 19 मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, इंजिन-नियंत्रण कक्षावर 16 मिलिमीटर पोलाद, आणि महत्त्वाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा व कमांड कक्ष यांच्यावर 19 मिलिमीटर केव्हलारचं लॅमिनेट. केव्हलारला तिथे लहर जाऊ देण्याचं काम नव्हतं. तो आला वजनासाठी. जहाजावर जितकं उंच जावं तितका एकेक किलो महाग पडतो, कारण वर वजन वाढलं की जहाज डोलायला लागतं. 10 मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचं वजन 78 किलोच्या वर भरतं. तेवढ्याच पॉलिथिलीनच्या फळीचं 10 किलोच्या आत. अँटेना तर जहाजावर सगळ्यांत उंच जागी. तिथे पोलाद चालत नाही ते लहरीमुळे, आणि लहरीचा प्रश्न नसता तरी वजनामुळे चाललं नसतं.

आच्छादनाची गोष्ट मात्र चिलखताच्या आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात सेंटिमीटर लहरींची रडारं विमानांत बसायला लागली, तेव्हा वाऱ्यापावसापासून अँटेना झाकायचा प्रश्न आला. 1941च्या सुमारास अमेरिकेत बी-18 विमानावर प्लेक्सिग्लासचा अर्धगोल घुमट लावून पाहिला गेला. ब्रिटिशांच्या एच-टू-एस रडारसाठी बॉम्बर विमानांच्या पोटाखाली पर्स्पेक्सचे घुमट होते. मग प्लायवूड आलं. प्लायवूड पाणी पितं, आणि लाकडात मुरलेलं पाणी लहर खातं, हे लवकरच कळलं. 1944पर्यंत अमेरिकेतल्या एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत काचेच्या धाग्यांच्या दोन पातळ कातड्या आणि मधे हलका गाभा अशी सँडविच रचना तयार झाली. आजही बहुतेक विमानांची नाकं त्याच जातीची आहेत. या पुस्तकात सँडविचला एकच प्रकरण दिलं आहे, कारण तो वाऱ्याशी लढायला बनलेला प्रकार आहे. तुकडा त्याच्यातून आरपार जातो. आपल्याला हवी ती भरीव, जाड, एकसंध फळी.

आणि इथूनच जाडीचा प्रश्न सुरू होतो. कारागिराने सगळ्यांत नीट समजून घ्यावं असं प्रकरण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

लहर फळीवर येते तेव्हा तिचा थोडा भाग पुढच्या पृष्ठभागावरून परततो. उरलेली आत शिरते, आणि मागच्या पृष्ठभागातून बाहेर पडताना पुन्हा थोडा भाग मागे फिरतो. म्हणजे परतणाऱ्या लहरी दोन. पहिली परतताना उलटी होते, दुसरी होत नाही. आता फळीची जाडी अशी ठेवली की आतल्या आत जाऊन-येऊन दुसरीचा बरोबर एक फेरा पूर्ण होईल, तर बाहेर पडताना त्या दोघी एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध असतात आणि एकमेकींना खोडून टाकतात. परत काही येत नाही, सगळं पुढे जातं. ही जाडी म्हणजे त्या पदार्थातल्या लहरीच्या लांबीच्या निम्मी, किंवा त्याची दुप्पट, तिप्पट. 10 गिगाहर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी 30 मिलिमीटर. पॉलिथिलीनच्या फळीत ती साधारण 20 मिलिमीटरवर येते, म्हणून फळीची जाडी हवी 9.9 मिलिमीटरच्या आसपास, नाहीतर थेट 20च्या आसपास. रडार 3 गिगाहर्ट्झचं असेल तर पहिला आकडाच 33 मिलिमीटरवर जातो.

याचा अर्थ नीट पाहा. चिलखतवाला म्हणतो, 14 मिलिमीटरमध्ये तुकडा थांबतो. रडारवाला म्हणतो, 10 दे किंवा 20 दे, 14 नको. मग 20 करायचं, वजन वाढवायचं. किंवा दुसरा धागा निवडून पुन्हा हिशेब मांडायचा. पहिल्या मसुद्यात दोघांचे आकडे जुळलेत असं मी कधी पाहिलं नाही.

आकडा ठरला की तो प्रेसवर येतो. एका कोपऱ्यात फळी अर्धा मिलिमीटर जाड निघाली तर तुकड्याच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, उलट बरंच. लहरीच्या दृष्टीने तो कोपरा बिघडला. आणि ही खोट दोनदा भरावी लागते, कारण लहर फळीतून बाहेर जाते आणि प्रतिध्वनी होऊन त्याच फळीतून आत येते. एका वेळी 1 डेसिबलची घट म्हणजे सुमारे 20 टक्के शक्ती गेली. जाऊन-येऊन 37 टक्के. रडारचा पल्ला शक्तीच्या चौथ्या मुळाने बदलतो म्हणून तो 37 टक्क्यांनी कमी होत नाही, तरी 100 किलोमीटरवर दिसणारं विमान आता 89 किलोमीटरवर येईपर्यंत दिसत नाही. ते 11 किलोमीटर कोणाच्या तरी जिवाचे असतात. लेअपच्या टेबलावर हा हिशेब एकदा फळ्यावर लिहून दाखवावा, असं माझं सगळ्या सुपरवायझरांना सांगणं आहे.

धाग्यांविषयी थोडक्यात सांगतो, सविस्तर तिसऱ्या प्रकरणात आहे. काच सगळ्यांत जुनी, स्वस्त आणि आग सोसणारी, पण जड, आणि लहरीला जरा जास्त अडवणारी. केव्हलार हे अ‍ॅरामिड 1965मध्ये ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांच्या हातून आलं. त्यांना मिळालेलं द्रावण पातळ आणि गढूळ होतं. नेहमीच्या समजुतीने ते फेकून द्यायचं. त्यांनी ते कातून पाहण्याचा आग्रह धरला. पॉलिथिलीनचा चिलखती धागा नेदरलँड्समध्ये डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी 1979च्या सुमारास जेल-स्पिनिंगने काढला. रसायन तेच, जे आपल्या बादलीत आणि पिशवीत असतं. फरक साखळ्यांच्या लांबीत आणि त्या एका दिशेत ताणून सरळ केल्या आहेत यात. घनता 0.97, म्हणून पाण्यावर तरंगतो. लहरीला याच्याइतका पारदर्शक दुसरा चिलखती धागा नाही. त्याचं दुखणं उष्णता. 150 अंशांच्या आसपास तो वितळतो, आणि त्याच्या बऱ्याच आधी ताणलेल्या साखळ्या सैल पडू लागतात. धुराड्याच्या किंवा एक्झॉस्टच्या तोंडाजवळच्या जागेसाठी मी पॉलिथिलीन सुचवणार नाही.

चिलखताच्या लॅमिनेटची एक गोष्ट नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. नावा, टाक्या, छपरं यांच्या फायबरकामात थर एकमेकांना घट्ट धरून राहावेत म्हणून आपण रेझिन भरपूर घालतो. चिलखतात रेझिन मुद्दाम कमी ठेवतात, वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तुकडा आला की थर सुटावेत, धागे मोकळे होऊन ताणले जावेत आणि त्या ताणण्यात तुकड्याची गती संपावी, अशी ती योजना असते. रेझिन जास्त झालं की फळी काचेसारखी कडक होते आणि तुकडा तिला भोक पाडून निघून जातो. फळी सुटायला हवी, पण ती तुकडा आल्यावरच. प्रेसमधून निघताना, पावसात, उन्हात, जहाजाच्या धडधडीत ती अजिबात सुटता कामा नये. थरांमधे एक पातळशी पोकळी राहिली तरी लहरीला तो नवा पृष्ठभाग होतो, आणि समुद्रावर त्या पोकळीत पाणी भरतं.

पाण्याचं सांगायलाच हवं. लहरीला पदार्थ किती अडवतो याचा एक आकडा असतो : हवेचा 1, पॉलिथिलीनचा सव्वादोनच्या वर, काचेच्या लॅमिनेटचा चारच्या वर. पाण्याचा 10 गिगाहर्ट्झलाही साठच्या घरात. शिवाय पाणी लहर नुसती अडवत नाही, शोषून गरम होतं. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो तो याच गुणावर. अ‍ॅरामिडचा धागा तर स्वभावाने हवेतली ओल घेणारा.

एक आषाढ माझ्या चांगलाच लक्षात आहे. त्या काळी मी एका लहान शॉपमध्ये शिफ्ट सांभाळत होतो. अ‍ॅरामिडच्या प्रीप्रेगचे, म्हणजे रेझिन आधीच लावून आलेल्या कापडाचे रोल उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये असत. नियम असा, की रोल बाहेर काढला की त्याची बंद पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. मोठ्या रोलला त्यासाठी अख्खी पाळीही लागते. ऑर्डर पुढे ढकलता येत नव्हती. सकाळी काढलेला रोल मी दोन तासांत उघडायला सांगितला. बाहेर संततधार, शॉपमधली हवा दमट. गार कापडावर क्षणात दव धरलं, थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. टेबलावरच्या एका बाईंनी बोट फिरवून मला दाखवलं आणि म्हणाल्या, “साहेब, ओलं आहे हो हे.” मी पुसून घ्यायला सांगितलं.

आठ पॅनल निघाली. दिसायला देखणी, जाडी बरोबर. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून पाहताना एका ठिकाणी आवाज बद्द आला. चांगली फळी खणखणते. खालचा थर सुटला असेल तर आवाज ओल्या लाकडासारखा येतो. तिथे आरी लावून फळी उभी कापली, कडा घासली आणि भिंगाखाली धरली. पिवळ्या थरांमधे पांढऱ्या ठिपक्यांची रांगच्या रांग होती. प्रेसमध्ये दवाची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि ती तिथेच फुगून बसली. आठही पॅनल भंगारात गेली. त्या बाईंचं ऐकलं असतं तर एक दिवस गेला असता, एवढंच. पुस्तकातलं ओलीचं प्रकरण सगळ्यांत लांब झालं आहे ते त्या दिवसापासून माझ्या मनात लिहिलं जात होतं म्हणून.

फेनॉलिक रेझिन वापरणाऱ्यांना हा त्रास दुहेरी. बाहेरची ओल टाळली तरी फेनॉलिक घट्ट होताना स्वतःच पाणी सोडतं. म्हणून प्रेस बंद केल्यावर ठरावीक क्षणी ती केसभर उघडून पुन्हा दाबावी लागते. शॉपमध्ये याला ब्रीदिंग म्हणतात. लवकर उघडली तर रेझिन बाहेर पळतं, उशिरा उघडली तर वाफ आत कोंडते. तो क्षण घड्याळापेक्षा कडेला बाहेर आलेल्या रेझिनच्या तारेवरून ओळखणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. पुस्तकात मी घड्याळाचे आकडेही दिले आहेत, पण ते आकडे घेऊन त्या ऑपरेटरशेजारी महिनाभर उभं राहावं.

पॉलिथिलीनची तऱ्हा वेगळी. त्यात रासायनिक क्युरिंग जवळजवळ नसतं. थर एकावर एक, धाग्यांची दिशा उभी-आडवी आलटून पालटून, तापमान 125 ते 130 अंशांच्या आसपास, दाब 100 बारच्या वर. अडचण अशी, की पॉलिथिलीन उष्णता फारशी वाहून नेत नाही. प्लॅटनचा, म्हणजे प्रेसच्या तापणाऱ्या पाटाचा, काटा 125 दाखवतो तेव्हा 20 मिलिमीटर फळीचा मधला थर 90वरच असू शकतो. घाई करून काटा वर चढवला तर बाहेरचे थर बिघडतात, मधले जुळलेलेच नसतात. म्हणून पहिल्या फळीत मधोमध थर्मोकपलची तार घालायची, ती फळी चाचणीची म्हणून बाजूला ठेवायची, आणि वेळापत्रक त्या तारेवरून लावायचं. थंड करतानाही दाब सोडायचा नाही. गरम असतानाच प्रेस उघडली तर धागे आखडतात, फळी वाकते, आणि ठरवलेली जाडी हातातून जाते.

सपाट फळीचं हे झालं. अँटेनापुढचं पॅनल पुष्कळदा गोलसर किंवा कोपऱ्यांचं असतं, आणि एकदिश धाग्यांचे थर गोलाईवर बसायला तयार नसतात, सुरकुत्या पडतात. इथे शिवणकामातली समज कामी येते. ब्लाउजला आकार द्यायला टक्स घेतात, तसा प्रत्येक थराला छेद देऊन तो गोलाईवर बसवायचा. मात्र प्रत्येक थराचा छेद वेगळ्या जागी आला पाहिजे. छेदाखाली छेद आला की तिथे फळीत एक दारच उघडं राहतं. आमच्या शॉपमध्ये ही मांडणी सगळ्यांत सफाईने ज्यांनी केली त्या पूर्वी घरी शिलाई करत होत्या. ड्रॉइंग वाचायला त्यांना महिना लागला. कापड कुठे ओढ घेईल हे त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक होतं.

बसवण्याविषयी दोनच गोष्टी इथे सांगतो. तुकडा थांबला तरी फळी मागे फुगते, कधी स्वतःच्या जाडीहूनही जास्त. म्हणून फळी अँटेनाला टेकवून बसवली तर तुकडा न लागताही अँटेना फुटेल. मधे मोकळी जागा हवी, आणि ती जागा किती हे पुन्हा रडारवाल्यांना विचारूनच ठरवायचं, कारण त्या हवेतही लहर चालते. दुसरी गोष्ट रंगाची. धातूची भुकटी असलेला रंग चालत नाही, आणि साधा रंगसुद्धा दर दुरुस्तीला जुन्यावर नवा चढवत गेलं की फळीची जाडी बदलते. पॅनल उत्तम बनवून देणारी माणसं दूर राहतात आणि ब्रश हातात असतो देखभालीवाल्याच्या. शेवटचं प्रकरण त्याच्यासाठी आहे.

चाचणीचीही एक अट लक्षात घ्यावी. चिलखत ‘अभेद्य’ आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडून ते घेऊ नये. मोजमाप होतं ते वेगाचं. ठरावीक आकाराचे आणि वजनाचे पोलादी तुकडे फळीवर वेगवेगळ्या वेगांनी मारतात, त्यातला 1.1 ग्रॅमचा छोटा तुकडा सर्वांत जास्त वापरात आहे. ज्या वेगाला निम्मे तुकडे आरपार जातात आणि निम्मे थांबतात तो त्या फळीचा आकडा, त्याला व्ही-50 म्हणतात. ही फळी मारून संपवावीच लागते. आणि जी फळी मारली ती तिच्या सोबतच्या बाकीच्या फळ्यांसारखीच आहे, याची हमी फक्त शॉपच्या नोंदवहीत असते.

आपल्याकडे या विषयाचं महत्त्व कळायला ‘तेजस’ विमानाची गोष्ट पुरे. सुरुवातीला त्याच्या नाकावर देशातच केलेला केव्हलारचा रेडोम होता. रडार आत चांगलं होतं, पण रेडोममुळे पल्ला अपेक्षेपेक्षा बराच कमी पडत होता. पुढे ब्रिटनच्या कोबम कंपनीकडून क्वार्ट्झच्या धाग्यांचा रेडोम आणल्यावर पल्ला सुधारला. रडार तेच, नाक बदललं. तो चिलखताचा विषय नव्हता हे खरं, तरी धागा, रेझिन, जाडी आणि ओल यांचा हिशेब तोच. आणि कुलाब्याला हवामान खात्याच्या डॉप्लर रडारवरचा पांढरा घुमट मुंबईकर येता-जाता पाहतात. मुसळधार पावसात घुमटाच्या पाठीवर पाण्याचा पातळ पापुद्रा धरला, तर नेमक्या त्याच वेळी लहर त्या पाण्यातून जाते. अशा घुमटांच्या पृष्ठभागावर पाणी ठरू नये म्हणून जे लेप देतात, त्यांचीही माहिती या पुस्तकात आहे.

या पुस्तकात इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत. लेअप, प्रेस, क्युरिंग, डिलॅमिनेशन हे शब्द शॉपमध्ये मराठीच आहेत आणि मी ते तसेच ठेवले. त्यांच्यासाठी नवे संस्कृत शब्द घडवले असते तर पुस्तक टेबलापर्यंत पोचलंच नसतं. गणित जितकं लागतं तितकंच आहे. दहावीचं बीजगणित येत असेल तर अडणार नाही.

वाचकांना एक काम देतो. तुमच्या शॉपमध्ये लेअपच्या टेबलाजवळ आर्द्रतामापक टांगा. जून ते सप्टेंबर रोज सकाळी आणि दुपारी त्याचा आकडा लिहा, आणि त्याच वहीत त्या दिवशी निघालेली पॅनल, त्यांची चार कोपऱ्यांची जाडी आणि बाद झालेली पॅनल लिहा. कोकणातल्या, पुण्यातल्या, नागपुरातल्या आणि गोव्यातल्या शॉपची अशी वही मला हवी आहे. चार महिन्यांच्या त्या नोंदी प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या आवृत्तीत ओलीच्या प्रकरणातले माझे आकडे काढून तुमचे घालीन, आणि वही ज्यांनी लिहिली त्यांची नावं त्यांच्या परवानगीने तिथेच छापीन.